घर आधी शोधू नका, दादांचा दिवस आधी लिहून काढा

पत्र

माझा मोठा भाऊ ३८ वर्षांचा आहे. त्याला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचालींवर नीट ताबा राहत नाही; व्हीलचेअर वापरतो. त्याचं बोलणं नवख्या माणसाला चटकन कळत नाही, पण बुद्धीनं तो आम्हा सगळ्यांच्या पुढे आहे. घरी बसून रोज काही तास संगणकावर काम करतो. त्याची अंघोळ, कपडे, खाटेवरून खुर्चीत घेणं, खुर्चीतून संडासाला नेणं, हे सगळं आई करते. आई ६९ वर्षांची आहे. गेल्या काही महिन्यांत तिची कंबर धरली आहे. डॉक्टरांनी उचलायला साफ मनाई केली, तरी ती उचलते. वडील नाहीत. मी दुसऱ्या गावात राहते. नोकरी, दोन मुलं, तिसऱ्या मजल्यावरचं घर. नातेवाईक म्हणतात, 'आता त्याला संस्थेत ठेवा.' आई म्हणते, 'मी आहे तोवर हा विषय काढू नका.' दादा एवढंच म्हणाला, 'मला कुणाच्या गळ्यात पडायचं नाही.' त्याला माझ्याकडे आणू की संस्थेत ठेवू? आणि माझ्याकडे आणायला मन धजत नाही, म्हणून मी स्वार्थी आहे का?

— एक बहीण

उत्तर

ताई,

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण तो प्रश्न मनात असला की बाकीचं काही नीट सुचत नाही. नाही, तुम्ही स्वार्थी नाही. मोठ्या माणसाला दिवसातून अनेकदा उचलणं, त्याची अंघोळ, त्याचा संडास, रात्रीची जाग हे पूर्ण वेळाचं, अंगमेहनतीचं काम आहे. नोकरी आणि मुलं सांभाळून ते आपल्याला झेपेल का, असा विचार मनात आला म्हणून भावावरचं प्रेम आटलं असं होत नाही. ऑक्युपेशनल थेरपिस्ट म्हणून, म्हणजे रोजची कामं माणसाला शक्य तितकी स्वतः करता यावीत यासाठी मदत करणारी म्हणून, मी अशा बऱ्याच घरांत जाते. भावनेच्या भरात 'आणा त्याला माझ्याकडे' म्हणून मोकळं झालेल्या घरांची वर्षभरानंतरची ओढाताण मी पाहिली आहे. विचार करून पाऊल टाकणारी बहीण दादांच्या जास्त उपयोगाची आहे.

तुमचा मूळ प्रश्न मात्र मला थोडा सोडवून घ्यावा लागेल. 'माझ्याकडे की संस्थेत' असं विचारताना तुम्ही दोन गोष्टी एका गाठीत बांधल्या आहेत: राहायचं कुठे, आणि हाताशी मदत कुणाची. या दोन्ही वेगळ्या आहेत. जिथे मदत मिळते तिथेच जाऊन राहावं लागतं, असं आपण वर्षानुवर्षं धरून चाललो. म्हणून मदत देणारी आई थकली की पुढचा मदत देणारा कोण, आणि मग त्याच्या दारात दादांची खाट, असा हिशेब आपोआप मांडला जातो. दादांना 'गळ्यात पडणं' वाटतंय ते यामुळेच.

ही गाठ सोडवण्याची सुरुवात अपंग माणसांनीच केली. अमेरिकेतल्या एड रॉबर्ट्स यांना वयाच्या चौदाव्या वर्षी पोलिओ झाला आणि मानेखालचं जवळजवळ सगळं शरीर लुळं पडलं. श्वासासाठी त्यांना लोखंडी फुप्फुस नावाचं अवजड यंत्र लागायचं. १९६२ साली ते कॅलिफोर्निया राज्यातल्या बर्कलीच्या विद्यापीठात शिकायला गेले तेव्हा ते यंत्र मावेल असं वसतिगृह नव्हतं, म्हणून त्यांची सोय विद्यापीठाच्या रुग्णालयात झाली. तिथेच त्यांच्यासारखे आणखी विद्यार्थी जमले आणि त्यांना एक गोष्ट कळली. आपल्याला रुग्णालयाची गरज नाही. आपल्याला उठवायला, कपडे घालायला दोन हात हवेत, आणि ते हात आपण सांगू तेव्हा, सांगू तसे चालायला हवेत. १९७२ साली बर्कलीत 'सेंटर फॉर इंडिपेंडंट लिव्हिंग' सुरू झालं ते या विचारातून. याच रॉबर्ट्स यांना राज्याच्या पुनर्वसन खात्यानं एकेकाळी 'हा माणूस नोकरी करूच शकणार नाही' असं ठरवून आधी मदत नाकारली होती. १९७५ साली ते त्याच खात्याचे प्रमुख झाले.

संयुक्त राष्ट्रांच्या २००६ सालच्या अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या करारात हाच विचार कलम १९ मध्ये उतरला. कुठे राहायचं आणि कुणासोबत राहायचं हे निवडण्याचा हक्क अपंग माणसाला इतरांइतकाच आहे. अमुक एका ठिकाणीच राहा अशी सक्ती त्याच्यावर नको. आणि समाजात राहता यावं म्हणून घरी येणारी मदत, व्यक्तिगत सहाय्यक अशा सेवा त्याला मिळाल्या पाहिजेत, असं ते कलम सांगतं. २०१७ साली करारावरच्या समितीनं त्याचा अर्थ आणखी उलगडला. शंभर जणांची इमारत असो, पाच-आठ जणांचं छोटं घर असो, की एकट्याचं घर असो, उठायची वेळ दुसऱ्यानं ठरवली, मदत करणारा माणूस निवडता आला नाही, सोबत कोण राहणार ते विचारलं नाही, तर ती संस्थाच झाली. ताई, हे वाक्य मनात ठेवा. या मापानं पाहिलं तर प्रेमळ नातेवाइकाचं घरही संस्था होऊ शकतं.

आता कामाला लागू. सगळ्यात आधी आईची कंबर, कारण घराचा निर्णय व्हायला काही महिने लागतील आणि कंबर तेवढं थांबणार नाही.

माणूस उचलणं हे ताकदीचं काम आहे असं घरोघरी मानतात. ते साधनांचं काम आहे. खाट आणि खुर्ची एका उंचीवर आणली आणि मध्ये गुळगुळीत ट्रान्सफर बोर्ड, म्हणजे सरकण्यासाठीची फळी, ठेवला, तर बऱ्याच जणांना उचलावं लागत नाही, सरकवता येतं. दादांच्या हातात किती जोर आहे आणि धडाचा तोल किती आहे यावर ते त्यांना जमेल का हे ठरेल. नसेल जमत तर पेशंट लिफ्ट येते. कापडी झोळीत बसवून यंत्रानं उचलायचं, चाकांवर फिरवायचं आणि हव्या त्या जागी अलगद टेकवायचं. चाकांची लिफ्ट लागते तिथे खाटेखाली तिचे पाय सरकायला मोकळी जागा हवी, ही गोष्ट विकत घेताना पुष्कळजण विसरतात. छताला बसवायची लिफ्टही असते, ती जमिनीवरची जागा अडवत नाही. बगलेत हात घालून ओढणं आजपासून बंद करा. त्यानं उचलणाऱ्याची कंबर जाते आणि उचलल्या जाणाऱ्याचा खांदा. एखाद्या फिजिओथेरपिस्टला किंवा माझ्या व्यवसायातल्या कुणाला घरी बोलवा आणि दादांच्या खाटेवर, दादांच्या खुर्चीवर प्रत्यक्ष करून घ्या. दवाखान्यात शिकलेलं घरच्या अरुंद न्हाणीघरात चालत नाही.

न्हाणीघराचा विषय निघालाच आहे तर सांगते. व्हीलचेअर सहज जायला दार उघडल्यावर सुमारे ८० सेंटीमीटर तरी मोकळी जागा हवी आणि खुर्ची जागच्या जागी वळायला साधारण १५० सेंटीमीटर व्यासाचं वर्तुळ. उंबरा काढून टाकावा. पायरीच्या जागी उतार करायचा असेल तर तो १:१२ च्या प्रमाणात, म्हणजे १५ सेंटीमीटरच्या एका पायरीसाठी १८० सेंटीमीटर लांब. लोक हा आकडा ऐकून दचकतात आणि निम्म्या लांबीत उतार उरकतात, मग त्यावरून खुर्ची ढकलायला दोन माणसं लागतात. चाकांची शॉवर-कमोड खुर्ची घेतली तर खाटेवरून एकदाच तिच्यावर बसवलं की संडास आणि अंघोळ दोन्ही होतात. उचलाउचलीच्या दोन-तीन खेपा तिथेच वाचतात. आईला 'उचलू नकोस' असं नुसतं सांगून उपयोग नाही. न उचलता होईल अशी सोय तिच्या हाताशी आली तर ती आपणहून थांबेल.

हे चालू असताना दादांचा दिवस लिहून काढा. हे मी प्रत्येक कुटुंबाला सांगते आणि पुष्कळजण हेच टाळतात, कारण 'चोवीस तास कुणीतरी लागतं' हे वाक्य तोंडात बसलेलं असतं. दोन आठवडे, चोवीस तासांचं. किती वाजता, कशासाठी, किती मिनिटं, आणि मदत कशी लागली. 'कशी' हे महत्त्वाचं. प्रत्यक्ष हात लावावा लागला? नुसतं शेजारी उभं राहावं लागलं? आठवण करून द्यावी लागली? की हाक मारली तर कुणी आहे एवढाच दिलासा हवा होता?

आमच्या व्यवसायात यासाठी दोन जुन्या याद्या आहेत. सिडनी कॅट्झ या डॉक्टरांची १९६३ सालची यादी शरीराच्या सहा कामांची: अंघोळ, कपडे, संडासाला जाणं, एका जागेवरून दुसरीकडे हलणं, लघवी-शौचावर ताबा, आणि जेवणं. लॉटन आणि ब्रोडी यांची १९६९ सालची यादी घर चालवण्याची: फोन, खरेदी, स्वयंपाक, घराची साफसफाई, कपडे धुणं, प्रवास, औषधं, पैशांचे व्यवहार. दादांना पहिल्या यादीत बरीच मदत लागते, पण दुसऱ्या यादीत फोन, औषधांच्या वेळा, पैशांचे व्यवहार ही कामं ते स्वतः करत असणार किंवा करू शकत असणार. बौद्धिक अपंगत्व असलेल्या एखाद्याचं नेमकं उलट असतं: अंघोळ स्वतः, पण पैसे आणि औषधांना सोबत हवी. या दोघांना एकाच प्रकारचं घर कसं पुरेल? 'अपंगांसाठी चांगली जागा' सुचवा असं मला कुणी विचारतं तेव्हा मी म्हणूनच उत्तर देत नाही.

लिहून काढल्यावर त्या कामांचे दोन ढीग करा. वेळ ठरवता येणारी आणि न येणारी. अंघोळ, कपडे, स्वयंपाक, खाटेत घालणं यांना वेळ नेमता येते. सकाळी दीड-दोन तास आणि रात्री तासभर माणूस आला की ती उरकतात. अडतं ते संडासापाशी आणि रात्री. लघवीला केव्हा लागेल ते वेळापत्रकात बसत नाही. एकटं राहणं शक्य आहे की नाही, सोबत कुणी हवं की हाकेच्या अंतरावर असलं तरी चालेल, हे माझ्या अनुभवात बहुतेक वेळा याच एका गोष्टीवर ठरतं. आणि नेमकी हीच गोष्ट लाजेपायी कुणी बोलत नाही. दादा दुपारभर पाणी कमी पितात का, आईला पुन्हा उठवायला नको म्हणून? विचारून पाहा. पुष्कळ मोठी माणसं असं करतात आणि मूत्रमार्गाचा संसर्ग ओढवून घेतात. युरिनल (खाटेवर किंवा खुर्चीतच लघवी करायचं भांडं), बाह्य कॅथेटर (शरीराबाहेरून लावून लघवी पिशवीत नेणारं साधन), हाताच्या टप्प्यातली घंटा अशा साधनांनी या 'वेळ न ठरणाऱ्या' ढिगातलं बरंच काही कमी होतं. रात्री कूस बदलायला उठावं लागत असेल तर दाब वाटून घेणारी गादी त्यांना चालेल का, हे डॉक्टरांना विचारा. चोवीस तासांचं काम लिहून काढल्यावर कधीकधी पाच-सहा तासांच्या प्रत्यक्ष मदतीवर आणि बाकी वेळ हाकेला ओ देणाऱ्या कुणावर तरी येतं. तेवढ्या मदतीची सोय शोधणं आणि चोवीस तासांची संस्था शोधणं यात फार अंतर आहे.

आता पर्याय.

पहिला, दादांनी आहे त्या घरीच राहायचं आणि मदत बाहेरून आणायची. आई सोबत असेल, पण आई म्हणून. व्यक्तिगत सहाय्यक हा मला दादांसाठी सगळ्यात जवळचा मार्ग वाटतो. स्वीडनमध्ये १९९४ पासून अमलात असलेल्या कायद्यानं मोठी गरज असलेल्या लोकांना हा हक्क म्हणून मिळतो. इतर बऱ्याच ठिकाणी कुटुंबाला तो स्वतः उभा करावा लागतो. यात एक बदल दादांना शिकावा लागेल. सहाय्यकाची मुलाखत त्यांनी घ्यायची, काम त्यांनी सांगायचं, चुकलं तर त्यांनीच बोलायचं. पहिल्या महिन्यात त्यांचं बोलणं समजायला सहाय्यकाला वेळ लागेल. तेव्हा तुम्ही किंवा आईनं मध्ये पडून दुभाष्याचं काम करू नका. टाइप करून सांगू दे, दोनदा सांगू दे. एकाच सहाय्यकावर सगळं टाकू नका, दोघं हवेत, कारण एक आजारी पडला की पुन्हा आईच वाकणार. आणि सहाय्यकाचे तास, सुट्टी, पगार कागदावर लिहा. घरातल्यासारखं म्हणून राबवून घेतलेली माणसं टिकत नाहीत, आणि त्यांनी टिकावं तरी का?

दुसरा, स्वतःचं घर आणि आधाराची सेवा. घर त्यांच्या नावावर किंवा त्यांच्या भाडेकरारावर, मदत दुसऱ्या कुणाकडून. इथे एकच गोष्ट सांगते, पण ती लाखमोलाची आहे. घरमालक आणि मदत पुरवणारा एकच नसावा. दोन्ही एकाच हातात असलं की सहाय्यकाबद्दल तक्रार करायची म्हणजे डोक्यावरचं छप्पर पणाला लावायचं. मग माणसं गप्प बसतात. ब्रिटनमध्ये १९९० पासून 'कीरिंग' नावाची पद्धत चालू आहे: एकाच परिसरात, चालत जाण्याच्या अंतरावर काही जण आपापल्या घरात राहतात, जवळच एक स्वयंसेवक राहतो, आणि ते एकमेकांच्या अडीनडीला येतात. शरीराच्या कामांना भरपूर मदत लागणाऱ्यांना एवढ्यावर भागत नाही, पण सहाय्यकाच्या जोडीला असं शेजाराचं जाळं असेल तर एकटेपणा खूप कमी होतो.

तिसरा, लहान सामूहिक घर. चार-सहा जण, पाळीनं येणारे कर्मचारी. चांगलं असेल तर मित्र मिळतात, रात्रीची सोय होते. पण दादांना तिथल्या बाकीच्यांशी काय बोलता येईल हे पाहा. बुद्धी तल्लख आणि बोलणं अस्पष्ट अशा माणसाला कर्मचारी लहान मुलासारखं वागवतात, असं मी वारंवार पाहिलं आहे, आणि ते पाहताना मला फार त्रास होतो.

चौथा पर्याय कमी माहितीतला आहे: दुसऱ्या कुटुंबात राहणं. बेल्जियममधल्या खील या गावात मानसिक आजार असलेल्यांना आणि बौद्धिक अपंगांना घरात ठेवून घेण्याची रीत शतकानुशतकं चालत आली आहे. ब्रिटनमध्ये 'शेअर्ड लाइव्ह्ज' नावानं प्रशिक्षित कुटुंबं हे काम करतात. निवड आणि देखरेख कडक असेल तरच याच्या वाटेला जावं.

मोठी निवासी संस्था आणि वृद्धांचं शुश्रूषागृह हे उरलेले. तिसऱ्या दशकात, चौथ्या दशकात असलेल्या माणसाला केवळ जागा आहे म्हणून वृद्धांमध्ये नेऊन ठेवू नये, एवढंच म्हणते.

कोणतीही जागा पाहायला जाल तेव्हा दादा सोबत हवेत, आणि एकदा न कळवता संध्याकाळी जा. सकाळी सगळीकडे फरशा चकचकीत असतात. संध्याकाळी सातला खोल्यांमधले दिवे कुणी बंद केलेत, लोक कुठे बसलेत, टीव्हीवर काय लावायचं ते कुणी ठरवलंय, हे दिसतं. तिथे राहणाऱ्यांशी व्यवस्थापक बाजूला नसताना बोला. विचारा: आज अंघोळ किती वाजता केली आणि ती वेळ कुणी ठरवली? खोलीला आतून कडी आहे का? फोन कुणाकडे असतो? मित्र रात्री नऊला भेटायला आला तर? व्यवस्थापकाला विचारा की रात्री किती कर्मचारी जागे असतात, गेल्या वर्षात किती कर्मचारी सोडून गेले, आणि मागची तक्रार कशाबद्दल होती, तिचं काय केलं. 'आमच्याकडे तक्रारच येत नाही' असं उत्तर आलं तर मला काळजी वाटते. तक्रार येत नाही तिथे बहुधा तक्रार करायची सोय नसते. आणि कायमचा प्रवेश घेण्याआधी काही आठवड्यांचं तात्पुरतं राहणं मागा, घरची खोली तशीच ठेवून. परतीची वाट उघडी असली की माणूस मोकळेपणानं ठरवतो.

तुमचं घर हाही एक पर्याय आहेच, मी तो खोडत नाही. पण तिसरा मजला आहे. लिफ्ट नसेल तर दादा तिथे सुखरूप राहतील, आणि खाली मात्र क्वचितच उतरतील. त्यांना तिकडे यावंसंच वाटलं तर सहाय्यक तिथेही त्यांचा त्यांचा हवा. तुम्ही बहीण म्हणून काय करणार आणि काय करणार नाही ते त्यांना स्पष्ट सांगा: 'रविवारी मी येईन, कागदपत्रं मी बघेन, रात्री-अपरात्री फोन केलास तर उचलेन, अंघोळ मी घालणार नाही.' ऐकायला कठोर वाटतं, पण दादांना हेच हवं आहे असं मला वाटतं. ज्या बहिणीच्या मदतीची सीमा माहीत आहे, तिच्याकडे हक्कानं मागता येतं. 'गळ्यात पडणं' ही भावना जिथे सीमा कुणी बोललेलीच नसते तिथे जास्त असते.

तुमच्या पत्रात आईची कंबर, नातेवाईक, तुमचं घर यांवर बरंच आहे. दादांचं एकच वाक्य आहे, आणि तेही त्यांना काय नको याचं. काय हवं ते त्यांना कुणी विचारल्याचं पत्रात दिसत नाही. विचाराल तेव्हा 'तुला कुठे राहायचंय?' असं एकदम विचारू नका. इतकी वर्षं एकाच घरात काढलेल्या माणसाला त्याचं उत्तर कुठून सुचणार? लहान प्रश्न विचारा. रात्री किती वाजता झोपायला आवडेल, आईची झोप मोडायचा विचार बाजूला ठेवला तर? अंघोळ बाईनं घातलेली चालते की पुरुष सहाय्यक हवा? खोलीत एकटं असणं किती वेळ हवं? घराबाहेर कुठे जायला आवडेल? कुणाला घरी बोलवावंसं वाटतं? प्रेम, लग्न, सहजीवन हेही विचारायचे विषय आहेत. ३८ वर्षांच्या भावाच्या आयुष्यात ते असू शकतात. बोलायला वेळ लागतो तर उत्तरं टाइप करून मागवा, आणि आईच्या समोर नको. आईचं मन दुखावेल म्हणून ते तिच्यासमोर अर्धंच बोलतील.

आईबद्दल. 'मी आहे तोवर' या शब्दांत हट्ट कमी आणि भीती जास्त आहे. तिनं ३८ वर्षं जे केलं ते दुसरं कुणी तितक्या मायेनं करेल यावर तिचा विश्वास नाही, आणि तिचा अनुभव पाहता तो नसणं साहजिक आहे. म्हणून तिला बाजूला करू नका, शिकवणारी करा. सहाय्यक येईल तेव्हा पहिले काही दिवस तिनं शेजारी बसून सांगायचं: डावा पाय आखडला की कसा सोडवायचा, कोणत्या कुशीवर झोप लागते, गिळताना ठसका लागू नये म्हणून मान कशी धरायची. मोबाइलवर याचे छोटे व्हिडिओ करून ठेवा. ही माहिती आज फक्त तिच्याकडे आहे. मग दोन रात्री तिला तुमच्याकडे राहायला घेऊन जा आणि दादा घरी सहाय्यकासोबत राहू देत. पहिल्या रात्री ती झोपणार नाही. दोघांपैकी कुणालाही काही झालं नाही हे सकाळी तिला स्वतःला दिसू दे, तुम्ही पटवायला जाऊ नका.

पैसे आणि कागद यांचे नियम जागोजागी वेगळे असतात, तेव्हा अपंगांच्या प्रश्नांवर काम करणाऱ्या स्थानिक संघटनेला आणि वकिलाला भेटा. जाताना दोन गोष्टी मात्र पक्क्या ठरवून जा. एक, 'घर बहिणीच्या नावावर, ती त्याला बघेल' अशी तोंडी व्यवस्था करू नका. तुमची नियत कितीही चांगली असो, तुमच्यावर कर्ज होऊ शकतं, तुमचं काही बरंवाईट होऊ शकतं, आणि मग दादांच्या हाती काही उरत नाही. मृत्युपत्र किंवा न्यास (ट्रस्ट) असं काहीतरी लेखी हवं. त्यांच्या थेट नावावर मालमत्ता आली तर काही ठिकाणी सरकारी मदत थांबते, तेही आधी विचारून घ्या. दुसरी, बोलणं अस्पष्ट आहे म्हणून कुणी पालकत्वाचा अर्ज, म्हणजे दादांच्या वतीनं निर्णय घ्यायचा कायदेशीर अधिकार दुसऱ्याला देणारा अर्ज, सुचवला तर थांबा. दादांना समजतं, ते ठरवू शकतात. संयुक्त राष्ट्रांच्या त्याच करारातलं कलम १२ म्हणतं की कायद्यापुढे अपंग माणसाची क्षमता इतरांइतकीच आहे आणि गरज असेल तर त्याला निर्णय घ्यायला आधार द्यायचा. बँकेचं खातं त्यांच्या नावानं, व्यवहार त्यांचा, तुम्ही लागेल तिथे सोबत.

आणि हे सगळं होईपर्यंत आईला उद्याच रुग्णालयात न्यावं लागलं तर काय, याचा एक कागद या आठवड्यात तयार करा. पहिल्या तासात दादांकडे कोण पोहोचेल, किल्ली कुणाकडे आहे, पहिल्या रात्री कोण थांबेल, औषधं आणि त्यांच्या वेळा, डॉक्टरांचा फोन, उचलायची पद्धत, आणि वरच्या ओळीत ठळक अक्षरात: 'मला सगळं समजतं. माझ्याशी थेट बोला. उत्तर द्यायला मला वेळ लागतो.' मजकूर दादांना लिहू दे. एक प्रत त्यांच्या खुर्चीच्या पिशवीत, एक शेजाऱ्यांकडे, एक तुमच्या फोनमध्ये.